स्लीपिंग पॉडमध्ये रात्र काढताना: आत शिरण्याआधीचा अर्धा तास

दिवसभरात सायकलवर २८० किलोमीटर झाले होते. मध्यरात्र उलटली होती, बाह्यांवर घामाचं मीठ वाळून पांढरं झालं होतं आणि समोर होती दोन हात रुंद, साडेचार हात लांब अशी एक पेटी, म्हणजे झोपायचा पॉड. मी आहे त्या कपड्यांत, बॅगेसकट आत शिरले. पुढचा सव्वा तास रांगत रांगत चार्जर शोधण्यात, अंगाला चिकटलेली ओली शॉर्ट्स सोलून काढण्यात आणि ती आता टांगायची कुठे या विचारात गेला. शेजारच्या पॉडमधून कुणीतरी दोनदा भिंतीवर टकटक केलं. चार तास झोपायचं ठरवून आलेली मी जेमतेम अडीच तास झोपले.

ती माझी पॉडमधली पहिली रात्र. ब्रेव्हेच्या (म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पुरं करण्याच्या) आणि लांबच्या सायकलप्रवासाच्या निमित्ताने पुढे अशा पुष्कळ रात्री झाल्या, आणि आता वाटेत चांगला पॉड मिळत असेल तर एका रात्रीसाठी मी खोली शोधत नाही. मात्र एक गोष्ट मनाशी पक्की बांधली आहे. पॉड झोपायला जागा देतो, आवरायला देत नाही. आणि सायकलवाल्याला झोपण्याआधी आवरायचं फार असतं. ते सगळं बाहेर उरकून मगच आत शिरायचं. हा अर्धा तास नीट गेला की झोप आपली आपण येते.

पॉडची रचना मुळातच तशी आहे. जपानी वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी आराखडा केलेला नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ मध्ये टोकियोत उभा राहिला, तेव्हा त्यातल्या प्रत्येक कॅप्सूलमध्ये पलंगाबरोबर छोटं न्हाणीघरही होतं. त्यांनीच १९७९ मध्ये ओसाकात जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल केलं, आणि तिथे आत राहिली ती गादी, दिवा, टीव्ही, गजराचं घड्याळ एवढीच चीजवस्तू. आंघोळ, लॉकर, बसणं-उठणं सगळं बाहेर, सगळ्यांत मिळून. रात्रीची शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदारासाठी ही सोय होती आणि त्याच्या हातात फार तर एक ब्रीफकेस असायची. आपण येतो ते हँडलबार बॅग, सॅडल बॅग, हेल्मेट, ओले बूट, दिवे, तीन-चार चार्जर आणि बाहेर उभी असलेली सायकल एवढा संसार घेऊन. ज्या माणसासाठी ही पेटी बेतली तो आपण नाही, हे लक्षात ठेवलं तर पुढची सगळी तयारी सुचत जाते.

कोणता पॉड घ्यावा

पॉड या नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. शहरातल्या इमारतीत एकावर एक दोन थरांत रचलेले फायबरचे किंवा लाकडी कॅप्सूल हा एक प्रकार. कॅम्पिंगच्या मैदानावर कमानदार छपराच्या लाकडी झोपड्या असतात, त्यांनाही पॉडच म्हणतात. त्यांच्याबद्दल शेवटी वेगळं लिहिते. विमानतळांवर तासाच्या हिशेबाने मिळणारे पॉड सायकलवाल्याच्या फारसे कामाचे नाहीत, कारण सायकल तिथवर नेताच येत नाही.

कॅप्सूलमध्ये खालचा थर मागून घ्या. यावर मी अडून बसते. दिवसभर पेडल मारल्यावर मांड्या अशा आखडतात की रात्री दोन वाजता लघवीला उठून शिडीच्या तीन पायऱ्या उतरणं जिवावर येतं, आणि झोपेत, अंधारात, मोज्यांनिशी पाय घसरला तर प्रवास तिथेच संपतो. आरक्षण करतानाच 'खालचा द्या, सायकलवर येतो आहोत' असं लिहून टाकावं. लोक सहसा देतात.

दुसरं, तोंड कुठे आहे ते विचारा. काही पॉडमध्ये अरुंद बाजूने, म्हणजे पायाकडून किंवा डोक्याकडून शिरावं लागतं, काहींमध्ये लांब बाजूने. लांब बाजूचं तोंड आपल्याला फार सोपं पडतं, गादीवर बसून पाय आत घेता येतात. अरुंद बाजूने शिरताना गुडघ्यांवर रांगावं लागतं, आणि दिवसभरात गुडघ्यांनी जेवढं केलं आहे त्यावर हे आणखी एक काम नको वाटतं.

लांबीही बघा. पॉड साधारण दोन मीटर लांब असतो, पण हे माप बरेचदा बाहेरचं असतं. आत उशाशी फळी किंवा टीव्ही असला की गादी आखूड होते. माझा धाकटा भाऊ सहा फूट दोन इंच आहे. एकदा सकाळी तो पॉडच्या बाहेर येऊन वाकून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, रात्रभर पाय दुमडूनच होतो गं." त्या दिवशी पहिल्या चढालाच त्याचा गुडघा बोलायला लागला. तेव्हापासून आम्ही गादीची लांबी सेंटीमीटरमध्ये विचारतो.

बंदिस्त जागेची भीती वाटत असेल तर ती रेटून नेऊ नका. पडद्याचा पॉड घ्या, दाराचा घेऊ नका, आणि डोकं तोंडाच्या बाजूला करून झोपा. घरी एकदा टेबलाखाली चादर सोडून अर्धा तास पडून बघितलं तरी आपला आपल्याला अंदाज येतो.

वेळेचंही विचारून घ्यायचं. रात्री किती वाजेपर्यंत आत घेतात, त्यानंतर दार कोण उघडतं, पहाटे तीनला निघायचं तर बाहेर पडता येतं का. पुष्कळ कॅप्सूल हॉटेलांत सकाळी साफसफाईसाठी सगळ्यांना बाहेर पडावं लागतं, दोन रात्री राहणाऱ्यालासुद्धा. त्यामुळे विश्रांतीचा पूर्ण दिवस काढायचा असेल तर पॉड घेऊच नये, सरळ खोली घ्यावी. दुपारी पाय पसरून पडायला मिळणार नसेल तर ती कसली विश्रांती?

सायकल कुठे झोपणार

'पार्किंग आहे का?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. एका ठिकाणी मला असंच 'हो' आलं होतं. रात्री अकराला पोचले तर पार्किंग म्हणजे रस्त्याकडेचा लोखंडी कठडा, वर दिवा नाही, समोर दुकानं बंद. मी दोन कुलपं लावली आणि वर जाऊन पडले, पण रात्रीत तीनदा खाली उतरून सायकल बघून आले. पॉड उत्तम होता, गादी उत्तम होती, झोप मात्र झालीच नाही. सायकलची काळजी मनात असली की कुठलीही गादी उपयोगाची नसते.

आता मी असं विचारते: रात्री सायकल इमारतीच्या आत राहते का? त्या जागेला दार आणि कुलूप आहे का, आणि किल्ली कुणाकडे असते? पहाटे तुमचा माणूस नसताना मला ती बाहेर काढता येईल का? जिना आहे की लिफ्ट, आणि लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करून मावते का? चार प्रश्न आहेत, चारांचीही उत्तरं लेखी घ्या, आणि निघायच्या दिवशी सकाळी एकदा फोन करून पक्कं करा. सायकल आत घेऊ देत असतील तर टायर पुसायला एक फडका जवळ ठेवा आणि पुसूनच आत न्या. पुढच्या सायकलवाल्याला दार उघडं राहतं ते यामुळेच.

बाहेरच लावावी लागली तर मुख्य कुलूप फ्रेम आणि मागच्या चाकातून घालून न हलणाऱ्या वस्तूला अडकवा, दुसरं कुलूप पुढच्या चाकाला. चेन मागच्या चाकाच्या सगळ्यात लहान चकतीवर टाकून ठेवा; कुणी पळवायला बघितलीच तर जागेवरून वेग घेताना पेडल जड जातं. दिवे, जीपीएस, पंप, सॅडल बॅग काढून वर न्या. फ्रेमचा क्रमांक बहुतेक सायकलींवर खाली, पेडलच्या दांड्याच्या बुडाशी कोरलेला असतो. त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या.

ई-सायकल असेल तर बॅटरीचा प्रश्न येतो. ही बॅटरी साधारण ४०० ते ६०० वॅट-अवरची असते, म्हणजे १०,००० मिलीअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेच्या दहापटीहून जास्त ऊर्जा तिच्यात असते. ती पॉडमध्ये चार्ज करू नका, कितीही मनाई नसली तरी. लिथियम बॅटरी पेटली तर आग फार झपाट्याने वाढते आणि पॉडला बाहेर पडायला एकच तोंड असतं. खाली, माणसांचा वावर असलेल्या जागी, मूळ चार्जरनेच चार्ज करा आणि झोपायला जाण्याआधी काढून घ्या. पॉवर बँकही उशीखाली किंवा पांघरुणात ठेवून चार्जला लावू नका. तिला मोकळी हवा लागते.

तो अर्धा तास

सायकल लावली की लगेच वर जाऊन पडावंसं वाटतं. तेवढं टाळा. लॉकरपाशी बसा आणि सामानाचे तीन वाटे करा: न्हाणीघरात न्यायचं, पॉडमध्ये न्यायचं, आणि सकाळपर्यंत लॉकरमध्येच राहायचं. पॉडमध्ये न्यायच्या पिशवीत माझ्याकडे मोजून एवढंच असतं: पाण्याची बाटली, फोन आणि त्याची लांब वायर, कानातले बोळे, डोळ्यांवरची पट्टी, लाल उजेडाचा छोटा दिवा, एक रुमाल आणि लॉकरची किल्ली. पिशवी कापडी हवी. प्लॅस्टिकच्या पिशवीची कुरकुर पहाटे चार वाजता अख्ख्या मजल्याला ऐकू जाते. बुटांच्या आणि बॅगांच्या वेल्क्रोच्या पट्ट्यांचंही तेच, त्या काय सोडायच्या त्या खालीच सोडून घ्या. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट घालून तर आत जाऊच नका. पातळ सपाता बरोबर बाळगा, वजन काहीच नसतं.

मग आंघोळ. कोमट पाण्याची करा. कोमट पाण्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराची आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळते आणि आतलं तापमान उतरू लागलं की झोप येते. अंग नुसतं पुसून झोपलात तर घामाचं मीठ रात्रभर कातडीला घासत राहतं, आणि बैठकीच्या जागी फोड यायला तेवढं पुरतं.

शॉर्ट्सबद्दल मी जरा सविस्तर सांगते, कारण लांबच्या प्रवासात माणूस पायांनी कमी आणि बैठकीने जास्त हरतो. पोचल्या पोचल्या ती अंगावरून उतरवायची. तिच्या बैठकीत शिवलेला पॅड ओलसर राहिला की ते जंतूंना हवंच असलेलं घर. आंघोळीच्या वेळीच ती उलटी करा, पॅड वर येऊ द्या, थोडा साबण लावून बोटांच्या पेरांनी पॅडच्या शिवणी चोळा. घाण शिवणीतच बसते. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा, मला सहसा तीन वेळा लागतं. पिळू नका, पॅडचा फोम फाटतो. दोन्ही तळव्यांत धरून दाबा. आता कोरडा टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर शॉर्ट्स सपाट ठेवा आणि चटई गुंडाळतात तशी घट्ट गुंडाळी करा. त्या गुंडाळीवर गुडघे टेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरका. उघडाल तेव्हा टॉवेल जड झालेला असेल आणि शॉर्ट्स हाताला नुसती गार लागेल. पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून, जिथे पंखा किंवा एसीची हवा येते तिथे टांगा. पॉडच्या आत टांगू नका. तेवढ्याशा हवेत ती वाळत नाही आणि आतली हवा मात्र दमट करते. चार-पाच तासांत ती घालण्याजोगी होते. एखाद्या दमट रात्री होतही नाही, म्हणून दुसरी शॉर्ट्स बरोबर असावीच.

बूट भिजले असतील तर आतले तळवे काढून वेगळे ठेवा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपायला जाताना ते एकदा बदला.

हे सगळं चालू असताना एकीकडे खाऊन आणि पाणी पिऊन घ्या. खाणं बाहेरच. पॉडमध्ये खाल्लं की वास राहतो, कण राहतात. झोपायच्या अगदी आधी घटाघटा पाणी प्यायलात तर तासाभराने उठावं लागणार. पोचल्यापासून थोडं थोडं पीत राहा.

शेवटचं काम मी कधीच चुकवत नाही. आत शिरण्याआधी संडासाची आणि बाहेर पडायच्या दाराची वाट पायी चालून बघा, आणि दारापर्यंत किती पॉड लागतात ते हात लावून मोजा. धुरात किंवा अंधारात डोळे कामाला येत नाहीत, मोजलेला आकडा येतो.

आत

पॉडचा पंखा किंवा हवेचं छिद्र चालू आहे ना ते आधी बघा. त्यामागे साधा हिशेब आहे. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच पॉडमध्ये हवा मावते २,००० लिटर. झोपलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पॉड पूर्ण हवाबंद असता तर तासाभरात त्यातला कार्बन डायऑक्साइड ०.६ टक्क्यांनी वाढला असता. बाहेरच्या हवेत तो असतो साधारण ०.०४ टक्के. पॉड हवाबंद नसतो, पडद्याच्या फटींतून हवा खेळते, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. पण छिद्रावर टॉवेल टांगला, पंखा आवाज करतो म्हणून बंद केला, तर सकाळी डोकं जड होऊन उठाल. शिवाय झोपेतलं शरीरही ७०-८० वॅटच्या जुन्या बल्बएवढी उष्णता देत असतं आणि दिवसभर सायकल चालवून आलेलं शरीर आधीच तापलेलं असतं. पांघरूण पायाशी ठेवा, लागलं तर पहाटे ओढा. आवाजाला कानातले बोळे आहेतच.

आता पोटऱ्यांत येणारे गोळे. सायकलवाल्याला हे रात्री कधी ना कधी होतंच, आणि पॉडमध्ये उठून उभं राहता येत नाही. पहिल्यांदा मला गोळा आला तेव्हा मी धडपडून उठायला गेले, कपाळ छतावर आपटलं आणि पोटरी आणखीच आवळली. खरा उपाय झोपल्या जागी करता येतो. पाठीवर राहा, पाय सरळ करा, टाच पायाकडच्या भिंतीला टेकवून दाबा आणि पायाची बोटं स्वतःकडे ओढा. बोटं नुसती वळत नसतील तर रुमाल चवड्याखालून घालून दोन्ही टोकं हातांनी ओढा; पॉडच्या पिशवीत रुमाल ठेवायला सांगितला तो यासाठी. गोळा सुटायला अर्धा-एक मिनिट लागतं. सुटल्यावर लगेच पाय दुमडू नका.

हातांचंही एक आहे. दिवसभर हँडलवर भार देऊन करंगळी आणि अनामिका बधिर होतात, कारण त्या बोटांकडे जाणारी नस तळव्याच्या बुडाशी दाबली जाते. हीच नस कोपराच्या मागूनही जाते आणि कोपर पूर्ण दुमडला की तिथे ताणली जाते. पॉडमध्ये जागा कमी म्हणून आपण नकळत हात छातीशी मुडपून झोपतो आणि सकाळी बोटं जास्तच बधिर वाटतात. हात अंगालगत सरळ ठेवा. सवय नसेल तर टॉवेलची सैल गुंडाळी कोपराच्या खोबणीत बांधली तरी कोपर फार दुमडत नाही. मी हे दोन रात्री केलं आणि तिसऱ्या दिवशी मला गिअर बदलताना फरक कळला.

गजर मनगटावरच्या घड्याळाच्या कंपनाचा लावा. फोनवर विसंबायचं असेल तर तो पिशवीत ठेवा, गादीवर नको. गादी आणि भिंत यांच्यातली फट फोन गिळते, आणि मग तो वाजत असताना हाताला लागत नाही.

किती झोपावं

रमतगमत प्रवास असेल तर पूर्ण रात्र झोपा, प्रश्नच नाही. पण ब्रेव्हेत घड्याळ चालू असतं. ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात, १,२०० ला ९०. फ्रान्समधला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ मध्ये स्पर्धा म्हणून सुरू झाला, आज तो ब्रेव्हे आहे आणि त्याची कमाल मर्यादा हीच ९० तासांची आहे. तिथल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यांवर, खाटा मांडलेल्या असतात. आपण उठायची वेळ सांगून झोपायचं आणि स्वयंसेवक येऊन उठवतात. पॉडमध्ये उठवणारं कुणी नसतं, म्हणून वेळ आधीच ठरवून घ्यावी लागते.

झोपेचं एक आवर्तन सरासरी ९० मिनिटांचं. माझा अनुभव असा की दीड तास किंवा तीन तास ठरवले तर उठणं सोपं जातं, दोन-सव्वादोन तासांनी उठताना जीव नको होतो. प्रत्येकाचं आवर्तन थोडं वेगळं असतं, घरी चार-पाच रात्री तपासून बघा. वेळ अगदीच नसेल तर वीस मिनिटांची डुलकी घ्या, पण चाळीस-पन्नास मिनिटांची घेऊ नका. गाढ झोपेतून मध्येच उठलं की डोकं बराच वेळ सुन्न राहतं.

एक गोष्ट मात्र वेळेच्या हिशेबात बसवू नका. मागचा एखादा किलोमीटर कसा गेला ते आठवत नसेल, सायकल पांढऱ्या रेघेवरून आपोआप सरकत असेल, समोर नसलेलं काही दिसत असेल, तर तुम्ही पेडल मारता मारता काही सेकंद झोपून गेला आहात. आरक्षित पॉड फक्त दहा किलोमीटरवर असला तरी तिथेच थांबा, रस्त्यापासून लांब सुरक्षित जागा बघून सायकल टेका आणि वीस मिनिटं डोळे मिटा. आरक्षण गेलं तर जाऊ दे. मी हे कळकळीने लिहिते आहे, कारण पॉड जवळ आला म्हणून रेटत राहण्याचा मोह मला स्वतःला झालेला आहे.

लाकडी पॉडचं वेगळं

कॅम्पिंगच्या मैदानावरचा लाकडी पॉड सायकलवाल्याला शहरी कॅप्सूलपेक्षा जास्त मोकळा पडतो. सायकल दाराशी किंवा कधी कधी आतच ठेवता येते, शॉर्ट्स बाहेर दोरीवर वाळते, सामान आत पसरता येतं. पण अंथरूण-पांघरूण बरेचदा आपलं आपण आणायचं असतं, आणि कधी कधी गादीही नसते, नुसती फळी असते. आरक्षणाच्या वेळी हे नीट वाचा. मी उन्हाळ्यातही स्लीपिंग बॅगचं पातळ अस्तर आणि फुगवायची उशी घेते. काही ठिकाणी सुट्टीच्या दिवसांत दोन रात्रींशिवाय देत नाहीत, हेही विचारून घ्या. संडास लांब असतो, दिवा हाताशी ठेवा.

गार रात्री दार-झरोके गच्च लावून घेतले की उच्छ्वासाची वाफ छताला धरते आणि पहाटे अंगावर टपकते. झरोका बोटभर उघडा राहू द्या.

आणि पॉडमध्ये स्टोव्ह, शेगडी, निखारे काहीही पेटवू नका. बाहेर पेटवलेली शेगडी विझत आली म्हणून उबेसाठी आत आणणं तर अजिबात नको. विझत आलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला जाग येत नाही. माणसं यात गेली आहेत. थंडी वाजली तर सगळे कपडे अंगावर चढवा, पायांत कोरडे मोजे घाला, बाटलीत गरम पाणी भरून कुशीत घ्या.

निघताना

उठल्यावर आत काहीच आवरायचं नसलं पाहिजे. पिशवी उचला, गादीच्या कडेच्या फटीतून चारही बाजूंनी एकदा हात फिरवा, आणि बाहेर पडा. कपडे न्हाणीघरात बदला. दोघं असाल तर एकमेकांना हाका मारू नका. मी आणि भाऊ पडद्याच्या कडेला दोनदा बोटाने टिचकी मारतो, तेवढं पुरतं.

मग सायकलपाशी या, पण लगेच चढू नका. जाग आल्यावर पंधरा ते तीस मिनिटं मेंदू अर्धवट झोपेतच असतो, हात ब्रेकवर उशिरा पोचतो. ही वेळ सायकलला द्या. दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघा, ब्रेक ओढून बघा, कुलपं, दिवे, बाटल्या जागेवर लावा, आणि रात्री लहान चकतीवर टाकलेली चेन परत मधल्या चकतीवर आणा. मी चेन पुसायचं काम रात्री कधीच करत नाही, मुद्दाम याच वेळेसाठी ठेवते. फडका चेनवर धरायचा, पेडल उलटं फिरवायचं, वीस-पंचवीस फेरे. तेवढ्यात डोळे पुरते उघडतात.